हवेची वाट मोकळी करणारे कॅरिअर

विलिस कॅरिअर यांचा जन्म 1876 मध्ये अमेरिकेत झाला. 1901 मध्ये अभियंता झाल्यावर ते पंखे बनवणाऱ्या कारखान्यात लागले. 1902 मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमटपणामुळे कागद फुगायचा, रंग सरकायचे. थंड पाण्याच्या नळ्यांवरून हवा नेऊन त्यांनी तो दमटपणा घटवला. आधुनिक एसीची ती सुरुवात. 1906 मध्ये त्यांना पेटंट मिळाले. 1950 मध्ये ते वारले.

हवा नीट वाहिली तरच गारवा मिळतो, हे त्यांच्या यंत्राचे मर्म अकोला-अमरावतीच्या उन्हाळ्यात विसरू नये. जाळी धुळीने भरली की एसीच्या नळ्यांवर बर्फ साचतो. वाळ्यावर क्षार बसले की कूलरचा वारा अडतो. घरात वृद्ध असतील तर उष्माघाताचा धोका वाढतो. प्लग काढून जाळी धुवा, वाळा बदला. कूलर चालू असताना समोरची खिडकी किलकिली ठेवा.