लिऊ शिए : विहारात घडलेले साहित्यमीमांसक

चिनी साहित्यशास्त्राचा पहिला सर्वांगीण ग्रंथ ज्यांनी लिहिला, ते लिऊ शिए एका बौद्ध विहारात घडले. त्यांचा जन्म इ.स. ४६५ च्या सुमारास झाला. सैन्याधिकारी असलेले वडील लवकर वारले. गरिबीमुळे विवाहही झाला नाही. राजधानीजवळच्या, म्हणजे आजच्या नानजिंगजवळच्या, दिंगलिन विहारात भदंत सेंगयोउ यांच्या आश्रयाने ते दहाहून अधिक वर्षे राहिले आणि तेथील सूत्रग्रंथांची वर्गवारी करू लागले. निवासी शाळेतील आपल्या मुलांना हे आयुष्य फारसे परके वाटू नये.

त्या काळी राजपदे नऊ श्रेणींत विभागलेली होती. श्रेणी गुणांवरून ठरावी असा नियम होता. प्रत्यक्षात ती कुळावरून ठरे. हे शल्य पन्नास प्रकरणांच्या ‘वेनशिन दियाओलोंग’ या त्यांच्या ग्रंथात उमटले आहे. सेनापती आणि मंत्री यांचे दोष त्यांच्या पदाखाली झाकले जातात, मात्र लहान पदावरील लेखकाचे तेच दोष चव्हाट्यावर येतात, असे त्यांनी एका प्रकरणात नोंदवले. दुसऱ्या एका प्रकरणात राजवंश बदलताच साहित्याचे वळण कसे बदलते, याचा शोध आहे. त्साओ घराण्याचे राज्यकर्ते स्वतः कवी होते, म्हणून त्यांच्याभोवती कवी जमले, हे ते स्पष्टपणे दाखवतात. परंतु स्वतःच्या काळातील छी राजवंशापाशी येताच परीक्षण थांबते आणि केवळ स्तुती उरते. मृत राजांविषयी परखड असणाऱ्या लेखणीला जिवंत दरबारापुढे वाकावे लागले. याला भित्रेपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्या दरबारात राजपुत्रांचीही मुंडकी सुरक्षित नव्हती.

ग्रंथ पूर्ण झाला, पण नामांकित कुळाचा आधार नसल्याने त्याची दखल कोणी घेईना. तेव्हा लिऊ शिए फेरीवाल्यासारखे पोथी पाठीवर घेऊन शेन युए या बड्या मंत्र्याच्या रथापुढे उभे राहिले. इ.स. ५०२ मध्ये छी वंश उलथवून लियांग वंश आणण्यात याच शेन युएचा हात होता. त्याने ग्रंथ वाचला, वाखाणला आणि आपल्या मेजावर ठेवला. गुण ग्रंथात आधीपासूनच होता. मान्यता मात्र दरबारातून यावी लागली.

पुढे त्यांना राजसेवेत पदे मिळाली. युवराज शियाओ थोंग हा साहित्यप्रेमी त्यांचा आदर करी. राजपूर्वजांच्या पूजेत पशुबळीऐवजी भाज्या व फळे आली होती. आकाश आणि भूमी यांच्या यज्ञांतूनही पशुहत्या थांबवावी, असे निवेदन लिऊ शिए यांनी केले. ते मान्य झाले आणि त्यांना बढती मिळाली.

अखेरीस सम्राटाच्या आज्ञेने ते सूत्रसंपादनासाठी दिंगलिनला परतले. काम संपल्यावर त्यांनी प्रव्रज्येची अनुमती मागितली. त्यासाठी कानशिलावरचे केस जाळून आपला निर्धार प्रकट केला. चीवरासाठीही दरबाराचीच परवानगी लागली. ती मिळताच त्यांनी विहारातच चीवर धारण केले, हुइदी हे नाव घेतले आणि वर्षभराच्या आतच त्यांचे निधन झाले.