खोट्या चिठ्ठीने उघडलेले ग्रंथालय

अमेरिकेतील मेम्फिस शहरात १९२७ साली एका अठरा वर्षांच्या काळ्या मुलाने गुन्हा केला. ग्रंथालयातून पुस्तके मिळावीत म्हणून त्याने खोटी चिठ्ठी लिहिली. हा मुलगा म्हणजे पुढे जगभर गाजलेला कादंबरीकार रिचर्ड राईट.

४ सप्टेंबर १९०८ रोजी मिसिसिपी राज्यातील नॅचेझजवळ तो जन्मला. आजोबा गुलाम म्हणून जन्मलेले, बाप वाट्याने शेती कसणारा. बाप घर सोडून गेला, शिक्षिका असलेली आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली. पोर उपाशीपोटी या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे फिरले. आजी कडवी धार्मिक. घरी राहणाऱ्या एका तरुण शिक्षिकेने त्याला गोष्ट सांगायला घेतली, तर आजीने ते सैतानाचे काम म्हणून मध्येच बंद पाडले. ती अर्धवट गोष्ट त्याच्या डोक्यातून कधी गेली नाही. पुढे पुरवणीतल्या कथा वाचायला मिळतात म्हणून तो एक वर्तमानपत्र विकू लागला. त्यातला मुख्य मजकूर क्लू क्लक्स क्लॅनचा प्रचार करणारा आहे, हे एका वयस्क काळ्या गृहस्थाने दाखवले तेव्हा त्याला कळले. आपल्याच गळ्याचा फास तो दारोदार विकत होता!

मेम्फिसमध्ये तो चष्म्याच्या कंपनीत हरकाम्या होता. मेन्केन नावाच्या गोऱ्या लेखकावर एका दैनिकाने झोड उठवली. गोरे ज्याला शिव्या देतात तो माणूस आहे तरी कोण, हे त्याला पाहायचे होते. पण तिथल्या ग्रंथालयात काळ्यांना पुस्तके मिळत नसत. कंपनीतल्या एका आयरिश कॅथलिक कामगाराने आपले कार्ड दिले. इतर गोरे त्यालाही हिणवत. मग राईटने त्या गोऱ्याच्या नावाने चिठ्ठी लिहिली, आणि संशय येऊ नये म्हणून स्वतःचा उल्लेख गोऱ्यांच्या तोंडच्या शिवीनेच केला.

आम्ही वकिली करतो. कायद्याच्या भाषेत ही बनावटगिरीच. पण वाचण्यासाठी माणसाला स्वतःलाच शिवी लिहावी लागते, त्या व्यवस्थेवर खटला कोणत्या कोर्टात भरायचा?

मेन्केन वाचून तो हादरला. शब्द हत्यारासारखे वापरता येतात हे त्याने प्रथमच पाहिले. मग सिंक्लेअर लुईस, ड्रायझर. ड्रायझर वाचताना त्याला आपल्या आईचे दुःख दिसले. त्याच वर्षी तो शिकागोला गेला. तिथे टपालखात्यात नोकरी, कम्युनिस्टांचा सहवास आणि समाजशास्त्राचे वाचन. कम्युनिस्ट पक्ष त्याने पुढे सोडला, वाचन सोडले नाही.

‘नेटिव्ह सन’ (१९४०) लिहिताना शिकागोतील एका काळ्या तरुणावरील खून खटल्याची वर्तमानपत्री कात्रणे त्याच्यापुढे होती. कादंबरीच्या अखेरच्या भागात बचावाचा वकील आरोपीबरोबर त्याला घडवणाऱ्या समाजालाही पिंजऱ्यात उभे करतो. ते भाषण लांबले आहे, असे टीकाकार म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही. मेम्फिसच्या चिठ्ठीचा हिशेब ‘ब्लॅक बॉय’ या आत्मकथनात (१९४५) आला.

पुढे तो पॅरिसला स्थायिक झाला. शेवटच्या आजारपणात जपानी हायकूंचे इंग्रजी अनुवाद त्याच्या हाती पडले, आणि कादंबरीत क्रोध ओतणाऱ्या या माणसाने सुमारे चार हजार हायकू लिहिले. त्यातले ८१७ त्याने स्वतः निवडले. २८ नोव्हेंबर १९६० रोजी तो गेला. ते पुस्तक छापून यायला १९९८ उजाडले.