चोवीस वर्षांनंतरचे घर

इसवी सन १३२५ चा जून महिना. मोरोक्कोच्या उत्तर टोकावरच्या टँजियर या बंदराच्या गावातून एकवीस वर्षांचा एक तरुण हजसाठी निघाला. सोबतीला काफिला नव्हता, ओळखीचे कोणी नव्हते. घराणे काजींचे, म्हणजे न्यायदानाचे काम करणाऱ्यांचे. आईवडील दोघेही हयात होते. त्यांचा निरोप घेताना आपल्याला आणि त्यांनाही फार जड गेले, हे त्याने उतारवयात आवर्जून नोंदवून ठेवले. हा तरुण म्हणजे इब्न बतूता.

शाळेच्या पुस्तकात इब्न बतूता भेटतो तो महंमद तुघलकाच्या दरबारातला परदेशी प्रवासी म्हणून. त्याने सुमारे १ लाख १७ हजार किलोमीटरचा प्रवास केला असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हा आकडा इतका मोठा आहे, की त्याच्या आयुष्यातली घराची गोष्ट त्याखाली दबून जाते. ती गोष्ट रमजानच्या या दिवसांत आठवावी अशी आहे, कारण तिच्या सुरुवातीला एक ईद आहे आणि शेवटाला रमजानचे तोंड.

घर सोडून दोन-तीन महिने झाले होते. वाटेत त्याला ताप भरला. अशक्तपणामुळे जनावरावरून खाली पडू नये म्हणून पागोट्याच्या कापडाने त्याने स्वतःला खोगिराला बांधून घेतले आणि तसाच पुढे जात राहिला. काफिला ट्युनिसला पोहोचला, तेव्हा शहरातली माणसे सामोरी आली. जो तो आपल्या ओळखीच्या माणसाला सलाम करू लागला, खुशाली विचारू लागला. या परक्या मुलाला मात्र कोणी सलाम केला नाही, कारण त्याला ओळखणारे तिथे कोणीच नव्हते. त्याला रडू आवरेना. ते एका हज यात्रेकरूच्या लक्षात आले. तो जवळ आला, त्याने सलाम केला आणि शहरात शिरेपर्यंत गप्पांत त्याचे मन रमवले. ट्युनिसमध्येच रमजान ईद आली. घरापासून दूर काढलेली त्याची ही पहिली ईद. नवे कपडे घालून आलेल्या गर्दीत उभे राहून त्याने ईदची नमाज अदा केली.

त्यानंतर मात्र सलाम करणाऱ्यांची त्याला कधी वाण पडली नाही. ट्युनिसहून निघालेल्या हज यात्रेकरूंच्या काफिल्याने त्याला आपला काजी नेमले. १३२६ मध्ये त्याने पहिला हज केला. खरे तर इथून परतायचे, पण पावले इराककडे वळली. मग इराण, येमेन, पूर्व आफ्रिकेचा किनारा, तुर्कस्तान, कॉन्स्टँटिनोपल आणि सप्टेंबर १३३३ मध्ये सिंधू नदी. जिथे जाई तिथे मशीद असे, मदरसा असे, अरबी जाणणारा एखादा विद्वान असे. शिकलेल्या पाहुण्याला राहायला जागा आणि जेवायला ताट मिळे. दिल्लीत तुघलकाने त्याला वर्षाला १२ हजार दिनार पगारावर काजी केले. त्याने ठिकठिकाणी लग्ने केली, संसार मांडले आणि मोडले. एका परीने सारे जगच त्याचे घर झाले होते.

तरीही जुन्या घराची मोजपट्टी त्याच्या हातातून सुटली नव्हती. हिंदुस्थानात कैऱ्या खारवून लोणचे घालतात हे पाहिल्यावर त्याने तुलना केली ती आपल्या मुलखातल्या लिंबाच्या लोणच्याशी. १३४० च्या दशकाच्या सुरुवातीला तुघलकाचा वकील म्हणून तो चीनच्या बादशहाकडे निघाला आणि आपल्या मुलखातून गेला. दौलताबादचा किल्ला त्याने पाहिला. नंदुरबारच्या मराठ्यांविषयी त्याने लिहिले, की ते कुशल कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी आहेत, त्यांच्या जेवणात भात, भाजीपाला आणि तिळाचे तेल असते, आणि अंघोळ केल्याशिवाय ते जेवत नाहीत. परक्यांच्या स्वयंपाकघरातले इतके बारकावे एखाद्या दरबारी वकिलाने टिपावेत, याचे नवल वाटते.

कालिकतच्या किनाऱ्यावर वादळाने भेटवस्तूंनी भरलेली जहाजे फोडली. त्याच्याजवळ उरले दहा दिनार आणि अंगाखाली अंथरायची सतरंजी. तुघलकाकडे परत जायची सोय राहिली नाही. मग मालदीवमध्ये काजी म्हणून नोकरी, श्रीलंका, बंगाल, सुमात्रा, चीन, आणि तिथून परतीची वाट.

१३४८ मध्ये तो दमास्कसला पोहोचला. वीस वर्षांपूर्वी याच शहरात एका गरोदर बायकोला तो मागे ठेवून गेला होता. मुलगा झाल्याची खबर त्याला हिंदुस्थानात असताना मिळाली होती, आणि मुलाच्या आजोबांकडे त्याने ४० दिनारही पाठवले होते. शहरात शिरल्यावर त्याने सर्वांत आधी त्या मुलाची चौकशी केली. उत्तर मिळाले, की मुलगा बारा वर्षांपूर्वीच गेला. त्याच माणसाने सांगितले, की टँजियरचे एक वयस्क विद्वान इथल्या मदरशात राहतात. तो धावत त्यांच्याकडे गेला आणि घरची खुशाली विचारली. वडील पंधरा वर्षांपूर्वी वारले होते. आई मात्र अजून होती.

ते वर्ष महामारीचे होते. प्लेगची साथ शहरामागून शहरे रिकामी करत चालली होती. दमास्कसमध्ये तीन दिवसांच्या रोजांचा हुकूम निघाला आणि बाजारात दिवसा अन्न शिजवायचे बंद झाले. शेवटी सारे शहर मोठ्या मशिदीत जमले, रात्रभर प्रार्थना झाली आणि पहाटेच्या नमाजानंतर सगळे बाहेर पडले. मुसलमानांच्या हाती कुराण होते, यहुदींच्या हाती तौरात आणि ख्रिस्ती लोकांच्या हाती इंजील. सरदारही अनवाणी चालत होते. बायका आणि लेकरे बरोबर होती. सारे रडत होते, आपापल्या ग्रंथाचा वास्ता देऊन एकच मागणे मागत होते. इब्न बतूताने हे डोळ्यांनी पाहिले आणि जतन करून ठेवले.

पण दमास्कसहून तो थेट घरी गेला नाही. कैरोला गेला आणि तिथून पुन्हा मक्केला. त्या वर्षीचा रमजान आणि हज त्याने तिथे केला. १३४९ मध्ये कैरोत परत आल्यावर मायदेशाची आणि आपल्या माणसांची ओढ त्याला अनावर झाली. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याने, मध्येच जहाजाने सार्डिनिया बेटाला वळसा घालून तो मोरोक्कोत शिरला. फेझ शहर तीन-चार मुक्कामांवर असताना, ताझा या गावी त्याला कळले, की त्याच प्लेगने आई गेली.

नोव्हेंबर १३४९ मध्ये तो फेझला पोहोचला तेव्हा हिजरी ७५० मधला शाबान महिना संपत आला होता. रमजान अगदी तोंडावर होता. सुलतान अबू इनानच्या दरबारात हजेरी लावून तो टँजियरला गेला, ते आईच्या कबरीचे दर्शन घ्यायला. चोवीस वर्षांपूर्वी ज्या दोघांनी त्याला डोळे भरून निरोप दिला होता, त्यांच्यापैकी दार उघडायला कोणी उरले नव्हते.

अशा माणसाने घरी परतल्याचा आनंद कसा मानावा? इब्न बतूताने तो मानला आणि बाजारभावांच्या भाषेत मांडला. आपला देश सर्वांत चांगला, हे पटवताना त्याने इमारती किंवा दरबार पुढे केले नाहीत. इथे मांस स्वस्त आहे, लोणी, तूप आणि मध भरपूर आहे, हवा मानवते, पाणी गोड आहे. इजिप्तमध्ये मसूर आणि हरभरे मोठ्या हंड्यांत शिजवून तिळाच्या तेलाबरोबर खातात, काकडी दह्यात कालवतात, अळूचे कंद शिजवतात. आमच्याकडे या गोष्टींवाचून काही अडत नाही, असे तो ठासून सांगतो. कॉन्स्टँटिनोपल आणि चीन पाहून आलेला पंचेचाळिशीचा प्रवासी गावच्या वाण्यासारखा भावांचा हिशेब मांडतो, हे वाचताना हसू येते. मग लक्षात येते, की आईच्या घरातून त्याला आता तेवढेच मिळण्यासारखे होते. चव, पाणी, हवा आणि कानांना ओळखीची भाषा.

त्यानंतरही पाय थांबले नाहीत. तो स्पेनमधल्या ग्रानाडाला जाऊन आला. १३५२ मध्ये सहारा वाळवंट ओलांडून मालीला गेला आणि सुलतानाच्या हुकमावरून परतला. मग फेझमध्ये इब्न जुझय या लेखकाला त्याने सारी हकिकत सांगितली, आणि १३५५ च्या डिसेंबरात तो ग्रंथ पुरा झाला. पुढचे आयुष्य त्याने मोरोक्कोतल्या एका गावी काजी म्हणून काढले. १३६८ किंवा १३६९ मध्ये त्याचे निधन झाले. बादशहांच्या आणि बंदरांच्या इतक्या वर्णनांत ट्युनिसच्या वेशीवर न मिळालेला सलाम त्याने तीस वर्षांनंतरही गाळला नाही.

रमजानचे शेवटचे दहा दिवस सुरू झाले, की मुंबई-पुण्याहून आणि आखाती देशांतून मुले घरी यायला निघतात. गणपतीला कोकणात आणि दिवाळीला गावोगावी निघतात, तशीच. शिरखुर्म्याची चव शहरातही मिळते, फराळाचे डबेही विकत मिळतात. घराच्या उंबऱ्यावर आवाज ओळखून आत बोलावणारे माणूस मात्र काही वर्षांपुरतेच असते. इब्न बतूताला अर्ध्या जगाने सलाम केला. घरी पोहोचायला त्याला जेमतेम काही महिन्यांचा उशीर झाला.