मोडून पुन्हा जोडायला शिकवणारा हिशेबनीस

मुंबईच्या चोरबाजारात जुन्या वस्तूंच्या ढिगातून कधीकधी धातूची एक छोटी मोटार हाती लागते. रंग उडालेला, एखादे टायर हरवलेले, पुढचा बंपर वाकलेला. अशी गाडी घेण्याआधी ती उलटी करून तळावरची अक्षरे वाचावीत, असा संग्राहकांचा रिवाज आहे. तेथे ‘डिंकी टॉइज’ आणि ‘मेकॅनो’ ही नावे असतील, तर त्यांचा माग इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरातल्या एका हिशेबनीसापर्यंत पोहोचतो. त्याचे नाव फ्रँक हॉर्नबी. यंत्रशास्त्राची पदवी नसलेल्या या गृहस्थाने विसाव्या शतकातील मुलांच्या हाती पेचकस दिला. त्याच्या कारखान्यातून निघालेल्या छोट्या मोटारी आज जगभरातील हौशी मंडळी पुन्हा उभ्या करीत असतात. त्या उभ्या करताना येणाऱ्या काही अडचणींचे मूळही त्याच कारखान्यात आहे.

पाच पौंडांचे भांडवल

हॉर्नबी यांचा जन्म १५ मे १८६३ रोजी लिव्हरपूलमध्ये झाला. वडिलांचा किराणा व खाद्यपदार्थांचा व्यापार होता. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि फ्रँक त्याच पेढीवर रोखपाल म्हणून काम करू लागले. १८८७ मध्ये त्यांचा विवाह एलिझाबेथ गोडफ्रॉय या शिक्षिकेशी झाला. वडिलांच्या निधनानंतर १८९९ मध्ये पेढी बंद पडली. तेव्हा डेव्हिड एलियट नावाच्या मांस-आयातदाराकडे त्यांनी हिशेबनीसाची नोकरी धरली.

ऐन छत्तिशीत नव्याने चाकरी सुरू करावी लागलेल्या या माणसाला घरी मात्र एक छंद होता. रोलंड आणि डग्लस या आपल्या मुलांसाठी ते पत्रा कापून पूल आणि याऱ्या बनवीत. प्रत्येक खेळण्यासाठी नवे भाग घडवावे लागत आणि खेळणे जुने झाले की ते भाग वाया जात. त्यावर त्यांना एक सोपा तोडगा सुचला. सगळ्या पट्ट्यांची रुंदी सारखी ठेवायची आणि त्यांना अर्ध्या इंचाच्या समान अंतरावर भोके पाडायची. मग तीच पट्टी आज पुलात, उद्या यारीत आणि परवा गाडीच्या सांगाड्यात नट-बोल्टने बसवता येईल.

कल्पना हाताशी होती, पण पेटंट घेण्यापुरते पैसे नव्हते. मालक एलियट यांनी पाच पौंड उसने दिले आणि जानेवारी १९०१ मध्ये हॉर्नबी यांनी पेटंटसाठी अर्ज केला. पुढे एलियट भागीदारही झाले. १९०२ मध्ये ‘मेकॅनिक्स मेड ईझी’ या नावाने संच बाजारात आले. त्यांचे रूप ओबडधोबड होते आणि किंमत सामान्य घराला जड वाटणारी. लिव्हरपूलच्या विद्यापीठात अभियांत्रिकी शिकवणारे प्राध्यापक हेले-शॉ यांनी या खेळण्याची शिफारस केली, तेव्हा विक्रीला बळ मिळाले. १९०७ मध्ये ‘मेकॅनो’ हे नाव नोंदवले गेले आणि १९०८ मध्ये मेकॅनो लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली.

१९१४ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला. १९१६ पासून ‘मेकॅनो मॅगझिन’ निघू लागले आणि १९२० मध्ये चावीवर धावणाऱ्या हॉर्नबी आगगाड्या आल्या. १९३१ मध्ये हॉर्नबी हुजूर पक्षातर्फे पार्लमेंटवर निवडूनही गेले. मात्र राजकारणात ते फार रमले नाहीत आणि १९३५ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही.

आगगाडीच्या सोबतीला मोटार

छोट्या मोटारींचा जन्म आगगाडीच्या निमित्ताने झाला. रुळांशेजारी स्टेशन असेल, तर प्रवासी, हमाल आणि मोटारीही हव्यात. म्हणून १९३१ पासून कंपनीने लहान आकृत्या विकायला सुरुवात केली. १९३३ च्या अखेरीस त्यांत पहिल्या मोटारी दाखल झाल्या आणि १९३४ मध्ये या मालिकेचे नाव ‘डिंकी टॉइज’ झाले. खऱ्या गाडीच्या सुमारे त्रेचाळिसाव्या हिश्शाचे प्रमाण आज मॉडेल मोटारींत सर्वमान्य आहे. ते हॉर्नबी यांच्या आगगाडीच्या मापावरूनच रूढ झाले.

येथे एक विसंगती लक्षात येते. मेकॅनोचे सारे तत्त्व मोडून पुन्हा जोडण्यावर आधारलेले होते. डिंकी मोटार मात्र साच्यात ओतलेली, एकसंध. पुढे तिला जो तळपत्रा बसवला जाऊ लागला, तोही रिव्हेट ठोकून कायमचा बंद केलेला असे. ज्या कारखान्याने मुलांना नट सैल करायला शिकवले, त्याच कारखान्याची मोटार उघडण्यासाठी आज रिव्हेटचे डोके ड्रिलने कापावे लागते.

२१ सप्टेंबर १९३६ रोजी हॉर्नबी यांचे निधन झाले. त्यांना मधुमेह आणि हृदयविकार होता. डिंकीचा खरा सुवर्णकाळ दुसऱ्या महायुद्धानंतर आला. तो त्यांनी पाहिला नाही.

धातूत दडलेला रोग

त्यांच्या हयातीतील आणि युद्धापूर्वीच्या अनेक डिंकी मोटारी आज भंगत चालल्या आहेत. या गाड्या प्रामुख्याने जस्ताच्या मिश्रधातूत ओतल्या जात. त्यासाठी लागणारे जस्त अतिशय शुद्ध असावे लागते. त्यात शिशाचा थोडा जरी अंश मिसळला, तरी धातूच्या कणांच्या सांध्यांमध्ये गंज शिरतो. सुरुवातीला काहीच दिसत नाही. काही वर्षांनी, कधी दशकांनी, पृष्ठभागावर जाळीसारख्या बारीक भेगा पडतात, गाडी किंचित फुगते, वाकते आणि शेवटी बोटाच्या दाबाने तिचे तुकडे होतात. या रोगाला उपाय नाही. वरून कितीही सुबक रंग दिला, तरी आतला ऱ्हास थांबत नाही. युद्धोत्तर गाड्यांत हा दोष क्वचितच आढळतो.

म्हणूनच जुनी गाडी विकत घेताना उडालेल्या रंगाची चिंता कमी आणि भेगांची अधिक करावी. रंग पुन्हा देता येतो, टायर नवे मिळतात, वाकलेला बंपर जपून सरळ करता येतो. धातूच खंगला असेल, तर खर्च आणि श्रम दोन्ही वाया जातात.

उष्ण आणि दमट हवा हा रोग बळावते. बदलापूर पश्चिमेच्या मांजर्लीसारख्या वस्तीत पावसाळ्याचे चार महिने भिंतींनाही ओल धरते. तेथे असा संग्रह जपणाऱ्याने बंद डबा, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि उंचावरची फळी यांची सोय करावी. उल्हास नदीने २००५ आणि २०१९ च्या जुलैमध्ये बदलापूरच्या सखल भागांत जे पाणी आणले, ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना उंच फळीचे महत्त्व सांगण्याची गरज नाही.

साचे भारतात आले

भारतीय संग्राहकांच्या दृष्टीने या कथेला आणखी एक वळण आहे. १९५३ पासून मॅचबॉक्स आणि १९५६ पासून कॉर्गी या स्पर्धकांनी डिंकीची बाजारपेठ कमी केली. १९६४ मध्ये मेकॅनो कंपनी लाइन्स ब्रदर्सच्या ताब्यात गेली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात डिंकीचे काही जुने साचे कोलकात्याच्या एस. कुमार आणि कंपनीकडे आले. त्यांतून निघालेल्या मोटारी ‘निकी टॉइज’ या नावाने विकल्या गेल्या. साच्यावरचे ‘डिंकी’ हे नाव खोडून तेथे नवे नाव घातले जाई. रंग आणि ओतकाम इंग्रजी गाड्यांइतके सफाईदार नव्हते. तरीही आज याच भारतीय गाड्या परदेशी संग्राहक आवर्जून शोधतात. आपल्याकडे माळ्यावर पडलेल्या अशा मोटारीला भंगार समजून रंग फासण्याआधी तिचा तळ वाचणे म्हणूनच आवश्यक आहे.

दुरुस्ती करावी, पण किती?

दुरुस्तीची पद्धत तशी सरळ आहे. प्रथम सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. तळाच्या रिव्हेटचे डोके बारीक ड्रिलने अलगद कापावे, दांडा मात्र राखावा. त्यातच पुढे बारीक स्क्रूसाठी आटे पाडून तळ पुन्हा बसवता येतो. खिडक्यांचे प्लास्टिक आधी काढून ठेवावे, कारण पेंट रिमूव्हर आणि थिनर त्याचा नाश करतात. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असल्याने तो कोरडा घासू नये. हातमोजे आणि मास्क वापरावेत व लहान मुलांना दूर ठेवावे. धातू स्वच्छ व कोरडा झाल्यावर प्रायमर आणि त्यावर रंगाचे पातळ थर द्यावेत. एकच जाड थर दिला, तर दारांच्या रेषा आणि दिव्यांची नक्षी बुजून जाते.

खरा प्रश्न हात कोठे थांबवावा, हा आहे. मूळ रंग बऱ्यापैकी शिल्लक असेल, तर तो खरवडल्याने गाडीचे मोल घटते, यावर बहुतेक संग्राहकांचे एकमत आहे. अशी गाडी साबणाच्या कोमट पाण्याने पुसून, टायर बदलून तशीच ठेवणे उत्तम. रंग जवळजवळ गेलेलाच असेल, तर नवा देण्यास हरकत नाही. मात्र ती गाडी पुढे विकताना पुन्हा रंगवली असल्याचे सांगणे हा या छंदातील सचोटीचा पहिला नियम आहे.

बिन्स रोडचा कारखाना नोव्हेंबर १९७९ मध्ये बंद झाला. साचे विखुरले आणि नावे निरनिराळ्या कंपन्यांकडे गेली. हॉर्नबी यांनी रुजवलेली एक सवय मात्र टिकली. वस्तू बिघडली की ती उघडून पाहावी, भाग ओळखावेत, जे वाचण्याजोगे आहे ते वाचवावे आणि ती पुन्हा जोडावी. पत्र्याचा तुकडा एकदा वापरून फेकून देणे जिवावर आलेल्या एका बापाने ही सवय जगाला लावली. जुने खेळणे टाकून नवे घेणे सोपे झालेल्या काळात तिची किंमत कमी झालेली नाही.