फ्रेड कोरेमात्सू : एका वेल्डरचा लढा

युद्ध पेटलं की सरकारला शत्रू सीमेवर दिसतो, तसा आपल्याच गल्लीतही दिसू लागतो. मग माणसाने काय केलं हे कुणी विचारत नाही. तो कुणाच्या पोटी जन्मला एवढंच बघतात. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला शिकवायला नको. म्हणूनच या स्मरणिकेच्या वाचकांपुढे आम्ही अमेरिकेतल्या एका कामगाराचे चरित्र ठेवीत आहोत.

फ्रेड कोरेमात्सू यांचा जन्म ३० जानेवारी १९१९ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे झाला. आई-वडील जपानहून आलेले; फुलांची रोपवाटिका चालवीत. चार भावांत फ्रेड तिसरे. जन्म तिथलाच, म्हणून ते अमेरिकेचे नागरिक होते. आई-वडिलांना मात्र त्या वेळच्या कायद्याने नागरिकत्व मिळूच शकत नव्हते. फ्रेड वेल्डिंग शिकले आणि जहाजाच्या गोदीत कामाला लागले. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि सगळं फिरलं. युनियनने जपानी वंशाच्या कामगारांचं सभासदत्व रद्द केलं. कार्ड गेलं, त्याबरोबर रोजीही गेली. ज्या युनियनने पाठीशी उभं राहायचं तिनेच हात काढून घेतला, हे वाचून गिरणीत हयात घालवलेल्या आमच्यासारख्यांच्या काळजात चर्र होतं.

१९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम क्रमांक ९०६६ काढला. कोणत्याही भागातून कुणालाही हलवण्याचा अधिकार लष्कराला मिळाला. हुकमात जपानी हा शब्दही नव्हता, पण पश्चिम किनाऱ्यावरून घरदार सोडून निघावं लागलं ते जपानी वंशाच्या माणसांना. सुमारे १ लाख २० हजार माणसं, त्यातली दोनतृतीयांश जन्माने नागरिक. हातात मावेल तेवढं सामान घ्यायचं आणि निघायचं. काटेरी तारेच्या १० छावण्या उभ्या राहिल्या, भोवती बंदूकधारी पहारा. आरोपपत्र नाही, खटला नाही, सुटकेची तारीख नाही. त्यात बौद्धांची संख्या मोठी होती. बौद्ध धर्मगुरूंना तर हल्ल्यानंतर लगेच पकडलं होतं. तरी छावणीत लोकांनी टाकाऊ लाकडातून पूजास्थानं उभारली आणि वंदना चालू ठेवली.

फ्रेड ख्रिस्ती होते, पण हुकमाने धर्म विचारला नव्हता. घरचे गेले, हे मागे राहिले. नाव बदललं, ओळख लपावी म्हणून डोळ्यांच्या पापण्यांवर शस्त्रक्रियाही करून घेतली. वय २३, लग्नाचा विचार होता, मुलगी इटालियन वंशाची. इटलीही शत्रूच होती, पण तिच्या माणसांना असं सरसकट कुणी उचललं नाही. ३० मे १९४२ रोजी सॅन लिअँड्रो येथे फ्रेड पकडले गेले.

तुरुंगात त्यांना भेटायला आले ते नागरी स्वातंत्र्य संघटनेच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेचे अर्नेस्ट बेसिग. खटला लढायची तयारी आहे का, असं त्यांनी विचारलं. फ्रेड हो म्हणाले. संघटनेच्या वरच्या मंडळींचा विरोध असतानाही बेसिग मागे हटले नाहीत. जामीन भरला, तरी लष्कराने फ्रेडना दारातूनच परत धरलं आणि टॅनफोरानच्या रेसकोर्सवर नेलं. तिथे माणसांना घोड्यांच्या तबेल्यात ठेवलं होतं. सगळ्यात जास्त दुखलं ते पुढेच. आपलीच माणसं त्यांच्यापासून दूर राहू लागली. याच्यामुळे आपल्यावर आणखी संकट येईल, अशी भीती! कार्यकर्त्याला सरकारपेक्षा हा एकटेपणा जास्त खातो, हे आम्ही चळवळीत पाहिलेलं आहे.

१८ डिसेंबर १९४४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी त्यांची शिक्षा कायम केली. लष्कराला गरज वाटली, एवढं न्यायालयाला पुरलं. न्या. मर्फी यांनी मात्र विरोधी निकालपत्रात याला सरळ वंशद्वेष ठरवलं. त्याच दिवशी मित्सुये एंडो या तरुणीच्या खटल्यात न्यायालयाने एकमताने सांगितलं, की एकनिष्ठ म्हणून मान्य झालेल्या नागरिकाला सरकार डांबून ठेवू शकत नाही. छावण्या रिकाम्या होऊ लागल्या. फ्रेड यांच्या नावावरचा गुन्हा तेवढा राहिला.

पुढची जवळजवळ ४० वर्षे ते गप्प राहिले. लग्न झालं, मुलं झाली, पण मुलीला बापाचा खटला कळला तो शाळेत. मग संशोधक पीटर आयर्न्स आणि आयको हर्झिग-योशिनागा यांना जुनी कागदपत्रं सापडली. जपानी वंशाच्या लोकांकडून तसा धोका नाही, असे सरकारच्याच खात्यांचे अहवाल न्यायालयापासून दडवले होते! तरुण वकिलांनी फुकट काम करून खटला पुन्हा उभा केला. सरकार माफी द्यायला तयार झालं. फ्रेडनी ती नाकारली. माफी सरकारने मागायची, असं त्यांचं म्हणणं. १० नोव्हेंबर १९८३ रोजी न्या. मॅरिलिन पटेल यांनी शिक्षा रद्द केली. १९८८ साली कायदा होऊन देशाने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक पीडिताला २० हजार डॉलर दिले.

फ्रेड तिथेही थांबले नाहीत. २००१ नंतर ग्वांटानामोत मुसलमान कैद्यांना बिनखटल्याचं ठेवलं, तेव्हा त्यांच्या बाजूने त्यांनी न्यायालयात निवेदन दिलं. ३० मार्च २००५ रोजी ८६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. १९४४ चा तो निकाल चुकीचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कबूल केलं.

वाचकहो, हे फक्त परदेशातच घडलं असं समजू नका. १९६२ च्या युद्धात आपल्या सरकारने सुमारे ३ हजार चिनी वंशाची माणसं राजस्थानात देवळीच्या छावणीत बिनखटल्याची ठेवली. त्यात भारतीय नागरिकही होते. बाबासाहेबांनी १९४९ साली घटना समितीत मांडलेलं आजचं कलम २२ अटक झालेल्याला कारण जाणण्याचा, वकिलाचा आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे जाण्याचा हक्क देतं. पण त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेची सोयही आहे, आणि तिथे हे हक्क लागू होत नाहीत. म्हणून कलम पाठ असून भागत नाही. शेजारच्याला बिनगुन्ह्याचं उचललं, तर तो आपल्या जातीचा की धर्माचा हे न बघता दारात उभं राहायला हवं. फ्रेड यांच्या वेळी तसं फार थोडे उभे राहिले, म्हणून एका वेल्डरला न्यायासाठी ४१ वर्षे थांबावं लागलं.

या लढाऊ कामगाराला आमचे विनम्र अभिवादन!