सिनेटच्या खुर्चीतले अलेंदे

साल्वादोर अलेंदे यांचे नाव निघाले की ११ सप्टेंबर १९७३ रोजी विमानांच्या हल्ल्यात पेटलेला सान्तियागोचा राष्ट्राध्यक्षीय प्रासाद आठवतो. त्या धुरामागे या माणसाच्या आयुष्यातील पंचवीस वर्षे झाकली गेली आहेत. १९४५ ते १९७० हा सारा काळ त्यांनी चिलीच्या सिनेटमध्ये घालवला आणि डिसेंबर १९६६ ते मे १९६९ या काळात ते त्या सभागृहाचे अध्यक्ष होते. क्रांतीची भाषा बोलणारा हा पुढारी वृत्तीने मुरलेला संसदपटू होता, हे ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्या शोकांतिकेचा उलगडा होत नाही.

अलेंदे यांचा जन्म १९०८ चा. पेशाने ते डॉक्टर. उमेदवारीच्या दिवसांत वाल्परैसो बंदरात त्यांच्या वाट्याला शवविच्छेदनाचे काम आले आणि दारिद्र्य माणसाच्या देहावर काय खुणा उमटवते हे त्यांना तेथे पाहायला मिळाले. १९३३ साली समाजवादी पक्षाच्या स्थापनेत त्यांनी भाग घेतला, १९३७ साली ते प्रतिनिधिगृहात गेले आणि १९३९ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, आरोग्यमंत्री झाले. १९५२ साली चिलीत राष्ट्रीय आरोग्यसेवा उभी राहिली, तिच्या कायद्यामागे सिनेटर अलेंदे यांचे परिश्रम होते. त्याच वर्षी ते प्रथम राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि चार उमेदवारांत शेवटचे आले. १९५८ साली तेहेतीस हजारांच्या आसपास मतांनी विजय हुकला. १९६४ साली एदुआर्दो फ्रेई यांनी त्यांचा सपशेल पराभव केला.

चिलीत उपराष्ट्राध्यक्ष नसतो. सिनेटचा अध्यक्ष सदस्यच आपल्यातून निवडतात. फ्रेई यांच्या पक्षाला प्रतिनिधिगृहात बहुमत होते, सिनेटमध्ये नव्हते, आणि म्हणूनच सरकारच्या कट्टर विरोधकाला ही खुर्ची लाभली. तेव्हाच्या घटनेनुसार राष्ट्राध्यक्षाला देशाबाहेर जाण्यास काँग्रेसची अनुमती लागे. जानेवारी १९६७ मध्ये फ्रेई अमेरिकेला निघाले, तेव्हा डावे आणि उजवे एकत्र आले आणि सिनेटने ती अनुमती नाकारली. देशाचा प्रमुख घरीच बसला. असा अपमान फ्रेई सहज विसरले असतील, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पुढल्या वर्षी चे गव्हेरा यांच्या तुकडीतील वाचलेले पाच जण बोलिव्हियातून चिलीत उतरले. त्यांना सुखरूप बाहेर काढण्यासाठी सिनेटचे अध्यक्ष स्वतः ताहितीपर्यंत त्यांच्याबरोबर गेले. पीठासीन अधिकाऱ्याला हे शोभते काय, असा गदारोळ उठला. आक्षेप निराधार नव्हता. पण अलेंदे यांनी आपली निष्ठा लपवली नाही, हेही खरे.

सप्टेंबर १९७० मध्ये ते चौथ्यांदा उभे राहिले. मते मिळाली छत्तीस टक्क्यांहून थोडी अधिक आणि प्रतिस्पर्ध्यावर आघाडी सुमारे एकोणचाळीस हजारांची. कोणालाच निर्विवाद बहुमत नसल्यास पहिल्या दोघांतून एकाची निवड काँग्रेसने करायची आणि सर्वाधिक मते मिळवणाऱ्याला कौल द्यायचा, असा तेथला संकेत होता. १९५८ साली याच संकेताने अलेंदे यांना डावलून आलेस्सान्द्री यांना निवडले होते. आता तोच संकेत अलेंदे यांच्या कामी आला. तो मोडावा म्हणून वॉशिंग्टनहून कारस्थाने झाली. घटनेचा मान राखणारे सरसेनापती श्नायडर यांच्यावर मतदानाच्या दोनच दिवस आधी गोळ्या झाडण्यात आल्या व त्यातच त्यांचा मृत्यू झाला. २४ ऑक्टोबरला काँग्रेसने १५३ विरुद्ध ३५ मतांनी अलेंदे यांना निवडले.

तांब्याच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७१ साली एकमताने मंजूर झाले. हा त्यांच्या संसदीय कौशल्याचा कळस. त्यानंतर मात्र गाडे अडले. काँग्रेसमध्ये बहुमत नाही आणि कार्यक्रम तर आमूलाग्र बदलाचा! तेव्हा कायद्यातील फटी हुडकण्याचा मोह त्यांना आवरला नाही. १९३२ सालच्या एका विस्मृत हुकुमाच्या आधारे कारखाने सरकारी ताब्यात घेतले गेले. कायद्याचे अक्षर पाळले गेले, पण ज्या सहकाऱ्यांबरोबर पंचवीस वर्षे काढली त्यांचा विश्वास उडाला. महागाई आणि टंचाई यांनी उरलेले काम केले. मार्च १९७३ च्या निवडणुकीत त्यांच्या आघाडीला सुमारे ४४ टक्के मते पडली. महाभियोगाने अलेंदे यांना हटवण्यास सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मते लागत, आणि ती विरोधकांना मिळाली नाहीत. मे महिन्यात सिनेटच्या अध्यक्षपदी आले एदुआर्दो फ्रेई. ज्या खुर्चीने एकेकाळी त्यांना घरी बसवले होते, तीवर आता ते स्वतः होते. या दोघांत तडजोड घडवण्याचा प्रयत्न होऊनही ती साधली नाही. २२ ऑगस्टला प्रतिनिधिगृहाने सरकारवर घटनाभंगाचा ठपका ठेवणारा ठराव केला. महिना उलटायच्या आत लष्कराने उठाव केला. शरण न जाता अलेंदे यांनी प्रासादातच स्वतःचे आयुष्य संपवले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत लष्करशहांनी काँग्रेसलाही टाळे ठोकले. फ्रेई यांची खुर्चीही गेली.

सिनेट पुन्हा भरले ते मार्च १९९० मध्ये, वाल्परैसोला. २०१४ साली ११ मार्चला त्याच्या अध्यक्षपदी प्रथमच एक स्त्री निवडून आली. त्या होत्या इझाबेल अलेंदे, साल्वादोर यांच्या कन्या. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेणाऱ्या मिचेल बाचेलेट यांच्या खांद्यावर पदाचा पट्टा त्यांनी चढवला. बाचेलेट यांचे वडील हवाई दलात जनरल होते. अलेंदे सरकारची सेवा केली म्हणून त्यांना अटक झाली आणि १९७४ साली कैदेतच त्यांचा मृत्यू झाला.