चेहरा वेडावाकडा होतो म्हणून नोकरी नाकारली, त्याच माणसाने इंग्रजीची डिक्शनरी लिहिली

सन १७३५. इंग्लंडमधल्या सोलिहल इथल्या शाळेला हेडमास्तर हवा होता. सॅम्युअल जॉन्सन नावाच्या तरुणाचं नाव पुढे आलं. तो विद्वान आहे याबद्दल कुणाला शंका नव्हती. पण शाळा चालवणाऱ्या मंडळींना दोन गोष्टी खटकल्या. एक त्याचा फटकळ स्वभाव आणि दुसरा त्याचा चेहरा, जो मध्येच वेडावाकडा व्हायचा. हे त्याच्या हातात नाही, हे त्यांनाही कळत होतं. तरी पोरांवर परिणाम होईल म्हणून त्यांनी नकार दिला.

जॉन्सनचा जन्म १७०९ चा, लिचफिल्ड गावातल्या एका पुस्तकविक्रेत्याच्या घरातला. लहानपणीच गंडमाळा झाल्या, त्याचे व्रण कायमचे राहिले, नजरही अधू होती. ऑक्सफर्डला गेला, पण पैसे संपले आणि साधारण वर्षभरात डिग्रीशिवाय परत आला. नोकरी मिळेना म्हणून स्वतःचीच शाळा काढली. तिथेही मोजकीच मुलं आली आणि तीही त्याच्या हावभावांवर हसायची. त्यातलाच एक डेव्हिड गॅरिक, जो पुढे इंग्लंडचा गाजलेला नट झाला. १७३७ मध्ये हे गुरु-शिष्य नशीब काढायला लंडनला निघाले.

१७४६ मध्ये पुस्तक प्रकाशकांनी जॉन्सनला डिक्शनरीचं काम दिलं. सहा मदतनीस हाताशी घेऊन त्याने ते पूर्ण केलं. १७५५ मध्ये ती छापून आली, तेव्हा तिच्यात ४२ हजारांहून जास्त शब्द होते.

पण त्याचं शरीर काही शांत बसायचं नाही. डोकं हलायचं, अंग पुढेमागे झुलायचं, तोंडातून शिट्टीसारखे, कोंबडीसारखे आवाज निघायचे. दारातून आत जाताना पावलं ठराविकच पडायला हवीत, रस्त्यातल्या प्रत्येक खांबाला हात लागायला हवा.

एकदा चित्रकार विल्यम होगार्थने त्याला एका घरात खिडकीपाशी असंच डुलताना पाहिलं. त्याला वाटलं, हा कुणीतरी मतिमंद माणूस इथे सांभाळायला ठेवलाय. तेवढ्यात जॉन्सन पुढे आला आणि राजाविरुद्ध असा काही बोलला की होगार्थ थक्कच झाला.

चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स तर त्याचा जवळचा मित्र. त्याने पाहिलं होतं की सांगितलं तर जॉन्सन स्थिर बसू शकतो. म्हणून त्याने ठरवून टाकलं, हा आजार नाही, सवय आहे. एका लहान मुलीने विचारलं तेव्हा जॉन्सननेही वाईट सवय असंच उत्तर दिलं.

गोची इथेच होती.

१७८४ मध्ये जॉन्सन गेला. त्यानंतर १०१ वर्षांनी पॅरिसच्या जॉर्ज जिल द ला तुरेत या डॉक्टरने अशाच नऊ पेशंटची माहिती छापली आणि आजाराला त्याचंच नाव मिळालं, टुरेट सिंड्रोम. मित्रांनी लिहून ठेवलेल्या वर्णनांवरून जॉन्सनला हाच आजार असावा, असं विसाव्या शतकातल्या डॉक्टरांनी मांडलं. आता त्याला तपासता येणार नाही, पण लक्षणं चांगलीच जुळतात.

या आजारात मेंदूकडून हालचालींवर राहणारा ताबा सैल पडतो. झटका येण्याआधी आतून उबळ येते, शिंकेसारखी. शिंक थोडा वेळ दाबता येते, म्हणून आपण ती मुद्दाम देतो असं कुणी म्हणत नाही. टिक्सचंही तसंच आहे. स्थिर बसलेला जॉन्सन आतून किती जोर लावत असेल, हे रेनॉल्ड्सला दिसलं नाही.

वर्षभराहून जास्त काळ हालचालींच्या अनेक टिक्स आणि किमान एक आवाजाची टिक असेल, सुरुवात १८ वर्षांच्या आत झाली असेल, तर डॉक्टर टुरेटचं निदान करतात. सिनेमात दाखवतात तसं शिव्या देणं थोड्याच पेशंटमध्ये दिसतं. त्रास बहुधा १० ते १२ वर्षांच्या वयात वाढतो आणि मोठेपणी अनेकांचा कमी होतो.

त्रास कमी असेल तर औषध लागत नाही. लागलीच तर आधी वर्तन उपचार करतात. उबळ ओळखायची आणि त्या हालचालीच्या उलट काहीतरी करायचं. मान झटकावीशी वाटली की हनुवटी खाली घेऊन मानेचे स्नायू ताणून धरायचे. जास्त त्रासासाठी औषधं आहेत.

घरात एखादं मूल सारखं डोळे मिचकावत असेल, घसा खाकरत असेल तर ओरडू नका. ताणाने टिक्स वाढतात. डॉक्टरांना दाखवा आणि शाळेत शिक्षकांनाही सांगून ठेवा. सोलिहलच्या मंडळींना कळत होतं, तरी त्यांनी दार बंद केलं. आपल्याला ते उघडं ठेवता येईल.